धाकट्याचा पान्हा

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला सुकन्याला अक्काच्या पोलक्यावर ती ओल दिसली. आतल्या खोलीत जुळ्यांतला धाकटा रडायला लागला होता. अक्का मोरीतलं धुणं तसंच टाकून, हात पदराला पुसत त्याच्याकडं निघाली. थोरल्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणारी सुकन्या तिला दारातच आडवी आली आणि अक्काचा पदर जरासा सरकला. जांभळ्या पोलक्यावर डाव्या बाजूला रुपयाएवढा ओला ठिपका होता. धाकट्यानं आत दुसरा टाहो फोडला तसा तो ठिपका सुकन्याच्या डोळ्यांदेखत पसरला. “धुन्याचं पानी उडालं,” अक्का म्हणाली आणि पदर ओढून आत गेली. सुकन्यानं तर काही विचारलंच नव्हतं. आणि न विचारलेल्याची उत्तरं देत बसायची अक्काला सवयही नव्हती. ती मुलखाची अबोल बाई, विचारलेल्याचंसुद्धा मानेनंच भागवणारी. आत रडणं थांबलं. लगेच थांबलं, दार लावल्यावर बाहेरचा आवाज थांबावा तसं. सुकन्यानं ओट्याकडं पाहिलं. धाकट्याची दुधाची वाटी आणि चमचा उकळून तिथंच पालथे घातलेले होते. मग तिनं स्वतःचीच समजूत घातली की बाई, तुझी झोप झालेली नाही तीन महिन्यांची, तुला भिंतीवरसुद्धा काहीबाही दिसेल. लग्नाला सतरा वर्षं होऊन जिची कूस उजवली नाही, तिला पान्हा कुठून फुटणार? पण समजूत घालून झाली तरी ती दारातच उभी होती, आणि थोरला तिच्या खांद्यावर झोपून गेला होता हेही तिला कळलं नव्हतं.

अक्का म्हणजे तिची थोरली जाऊ, मनकर्णा. नेवाशाकडच्या गावी घरची शेती. ती अक्का आणि तिचा नवरा भागवतदादा बघायचे. इकडं भिंगारला सुकन्याचा नवरा रविराज लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर, सिव्हिलियन, राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढं हातभर अंगण. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण सुकन्याचं माहेर पाथर्डीकडं. दिवाळी झाली की तिकडची निम्मी गावं ऊसतोडीला जातात. तिचे आईबापही कोयते घेऊन कारखान्याच्या तळावर गेलेले, घराला कुलूप. कुलपाच्या दारी बाळंतपण कोण करणार? तेव्हा अक्का आली, एक पिशवी घेऊन आली आणि राहिली. खोटं कशाला बोला, अक्का नसती तर सुकन्या त्या पहिल्या महिन्यातच वेडी झाली असती. एक दूध ओकायचा तेव्हा दुसरा भुकेला असायचा, एकाला निजवावं तर दुसरा त्याला उठवायचा. तिला आठवतं, एकदा ती थोरल्याला पाजून उठली, आणि धाकटा समजून पुन्हा थोरल्यालाच पाजायला घेऊन बसली. अक्कानं तिच्या हातातून पोर काढून घेतलं, खाली ठेवलं, आणि म्हणाली, “आसं नगं. थोरला तुझ्याकडं, बारका माझ्याकडं. मंग चुकायचं न्हाई.” किती सोपं वाटलं होतं ते तेव्हा. कामाची वाटणी करावी, तू भाकरी टाक मी कालवण बघते म्हणावं, तितकं सोपं. सुकन्या त्या दिवशी चार तास सलग झोपली होती आणि उठून अक्काच्या पाया पडली होती.

पण ती वाटणी खरं तर त्याच्या आधीचीच, दवाखान्यातली. धाकटा अकरा मिनिटं मागून आलेला, दीड किलोचा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. चौथ्या दिवशी नर्स येऊन म्हणाली, ह्याला उघड्या छातीशी धरून बसायला बाई पाहिजे, आई नसली तरी घरातली चालेल, माणसाची ऊब लागते. सुकन्याचं पोट चिरलेलं, थोरला अंगावर. अक्का पुढं झाली. बारा दिवस, रोज पाच-पाच, सहा-सहा तास ती त्या खुर्चीत बसली. सुकन्या एकदा भिंत धरत धरत तिथवर गेली होती. काचेतून दिसलं, अक्काचे डोळे मिटलेले, आणि तळहाताएवढं ते पोर तिच्या उरावर बेडकासारखं पसरलेलं. सफाईच्या बाईनं नर्सला विचारलं, ह्याची आई कोण? नर्सनं कामाच्या घाईत अक्काकडं बोट केलं. अक्कानं डोळे उघडले नाहीत, पण तिचे ओठ जरासे हलले. सुकन्या काचेवर टकटक करून सांगू शकली असती की अहो, आई मी आहे. तिनं सांगितलं नाही. तिला तेव्हा एकच गोष्ट वाटली होती, आणि ती आठवली की आता तिला स्वतःची शरम वाटते: बरं झालं, एक तरी कमी. त्या एका वाटण्याची शिक्षा आता कुठून कुठून वाहत यायला लागली आहे असं मंगळवारपासून तिला वाटत होतं.

आणि बोलून तर तीच बसली होती. सातव्या महिन्यात गावी ओटी भरायला गेली तेव्हा सोनोग्राफीत दोन दिसलेले होते. माजघरात वीसपंचवीस बायका, अक्का तांदळाची ओंजळ घेऊन समोर, आणि सुकन्या हसत हसत म्हणाली, “अक्का, मला एकाचीच पंचाईत, दोन कुठं झेपणार? एक तुम्हीच न्या आता.” असं आपण बोलतोच. कुणी साडी चांगली म्हटली की घ्या की तुम्हाला म्हणतो, लेकरू गोड म्हटलं की न्या की घरी म्हणतो. कुणी नेतं का? बायका हसल्या. सासू छबूबाई चुलीपुढून म्हणाल्या, “दिवेलागनीला तोंड संबाळून बोलावं बाई, वास्तू तथास्तु म्हनती.” त्यावर बायका आणखी हसल्या. अक्का तेवढी हसली नाही. तिची ओंजळ तशीच थांबली. मग तिनं निम्मे तांदूळ सुकन्याच्या ओटीत घातले आणि उरलेले निम्मे स्वतःच्या पदराला बांधले, घट्ट गाठ मारून. सुकन्यानं ते पाहिलं होतं. पाखरांना टाकायला घेतले असतील म्हणून सोडून दिलं होतं.

बुधवारी तिनं डबे उघडले. चोरासारखे, अक्का कोथिंबीर आणायला भिंगारच्या बाजारात गेली तेव्हा. हळिवाचे साठ लाडू अक्कानं संक्रांतीनंतर वळले होते, बाळंतिणीला दूध यावं म्हणून. सुकन्या दिवसाला एक खायची, तोही नाक मुरडत. वीस-बावीस दिवस झाले असतील. डब्याच्या तळाशी चार लाडू होते. शतावरीची पावडर तिला कडू लागते म्हणून तिनं पंधरा दिवसांपासून घेतली नव्हती. तो डबा रिकामा, धुऊन पुसून पालथा घातलेला. सुकन्या तो डबा हातात धरून बसली. म्हणजे हे आपोआप झालेलं नव्हतं. कुणीतरी रोज, न बोलता, दोन वेळा, चमचा चमचा कडू गिळून, वाट बघत बसलं होतं. तिला अक्काची भीती वाटली आणि त्याच क्षणी तिची कीवही आली, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकाच पोटात मावेनात. तेवढ्यात धाकटा जागा झाला. रडला नाही, नुसता छताकडं बघत पडला होता. सुकन्यानं त्याला उचललं, मांडीवर घेतलं, अंगाशी लावलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं. परक्याच्या घरी गेलेलं शहाणं लेकरू बघतं तसं, जरा वेळ, सभ्यपणानं. मग तोंड फिरवलं. तिनं पुन्हा लावलं, त्यानं पुन्हा फिरवलं, पाठीची कमान केली आणि रडायला लागला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आली ती गोष्ट जी तीन महिन्यांत आली नव्हती. थोरला नुसता कुरकुरला तरी तिची छाती भरून यायची, कपडे भिजायचे. हा तिच्या मांडीवर जीव तोडून रडत होता आणि तिच्या अंगाला पत्ताच नव्हता. तिचं अंग एकालाच ओळखत होतं. लांब लष्कराच्या रेंजवर रणगाड्यांची फायरिंग सुरू झाली, खिडकीच्या काचा थरथरल्या. एरवी हे कान सरावलेले. थोरला तेवढा दचकायचा. आज धाकटाही दचकला आणि त्यानं मान वळवून दाराकडं पाहिलं. तीन महिन्यांच्या पोराला दार कळतं का? पण त्यानं पाहिलं, आणि दारात अक्का उभी होती, हातात कोथिंबिरीची जुडी. तिनं जुडी खाली ठेवली, पोर उचललं. “भुकेजलंय,” एवढंच म्हणाली. ह्यावेळी पाण्याचं सोंगही केलं नाही.

संध्याकाळी रविराज जेवायला बसला तेव्हा अक्का दोघांनाही घेऊन अंगणात होती. सुकन्यानं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “अगं असं कुठं असतं का?” त्यानं भाकरी मोडली. मग म्हणाला, “आणि असलं तरी, पोराचं पोट भरतंय ना? डॉक्टर काय म्हणाला मागल्या वेळी? वजन छान वाढतंय म्हणाला.” म्हणजे ह्याला माहीत आहे, सुकन्याच्या मनात आलं, कधीपासून माहीत आहे? तो ताटाकडं बघत म्हणाला, “दादानं गावी पाळणा करायला टाकलाय. सागवानी.”

“एकच?”

“एकच म्हणत होता.” मग तो घाईघाईनं म्हणाला की सुट्टीला आपण जाऊ तेव्हा लागेलच की, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावून बराच वेळ पीत राहिला. सतरा वर्षं ज्या भावाच्या घरात पाळणा हलला नाही, त्या भावानं सुताराला सांगितलं होतं, आणि हा धाकटा भाऊ तिच्यासमोर बसून पाणी पीत होता. सुकन्याला त्याला खूप काही बोलायचं होतं. पण थोरला रडायला लागला आणि तिचं पोलकं भिजलं आणि ती उठून गेली. हे असंच चाललं होतं ह्या घरात. कुठलंही वाक्य पुरं म्हणून व्हायचं नाही.

गुरुवारी दुपारी अक्का अंगणात दोरीवर लंगोट वाळत घालत होती तेव्हा मात्र तिनं धीर केला. रविवारी बारसं होतं. धाकटा जरा बाळसं धरेपर्यंत थांबू म्हणून लांबवलेलं, दोघांचं एकदमच. “अक्का, बारसं झालं की तुम्ही जाणार ना गावी?”

“जायाचं की. कांदा काढायला आलाय.”

“मग धाकट्याचं?”

अक्कानं लंगोट झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला. “त्येचं काय? मी जिथं, तिथं त्यो.” आवाजात ना राग ना आर्जव. उद्या शुक्रवार आहे असं सांगावं तसं तिनं सांगितलं. सुकन्या दोरीशी पुढं आली. ती म्हणाली, “मी ते गमतीत बोलले होते, अक्का. ओटीच्या दिवशी. सगळ्या हसल्या होत्या.”

“व्हय. गंमतच हुती. मला काय कळंना व्हय?” अक्का आता तिच्याकडं वळली. तिचे डोळे लाल होते. ती पण झोपत नव्हती की. “म्या मागितला न्हाई. कवाच मागितला न्हाई. दवाखान्यात त्याला गप करायचा म्हनून नुसतं चोखायला दिलं, लोक अंगठा देत्यात तसं. त्यो चोखत ऱ्हायला आन् मी देत ऱ्हायले. पर बाई, आता ह्येला कोन सांगनार, गंमत हुती म्हनून?” आणि तिनं ओला हात स्वतःच्या छातीवर ठेवला. मग पुढचा लंगोट घेतला. रागवायला तरी काहीतरी धरायला लागतं. अक्कानं तेही ठेवलं नव्हतं.

त्या रात्री आणि पुढच्या दोन दिवसांत तिच्या डोळ्यांपुढं सारखं एकच चित्र यायचं. ती अडीच-तीन वर्षांची असेल. आईबाप तोडीला जाताना अंगावर पिणाऱ्या भावाला घेऊन गेले होते, आणि तिला चुलतीकडं, लंकाकाकूकडं ठेवलं होतं. उन्हाळ्यात एक काळीठिक्कर बाई अंगणात येऊन उकिडवी बसली आणि तिनं दोन्ही हात पसरले. हातांना उसाच्या पाचटाचे चरे. ती काकूच्या निऱ्यांमागं लपली. चित्र तिथंच संपायचं. पसरलेले हात पुढं कुठं गेले ते तिला आठवत नव्हतं. दहावीपर्यंत ती काकूकडंच राहिली. आईनं मला टाकलं आणि भावाला नेलं, ही गोष्ट तिनं स्वतःला इतक्या वेळा सांगितली होती की तिच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या. लग्नाच्या मांडवात आई रडायला लागली तेव्हा ती म्हणाली होती, “आता कशाला रडतेस? तू तर मला तेव्हाच टाकलंस.” आईनं त्यावर एक शब्द काढला नव्हता. आता सुकन्यानं मनाशी ठरवलं, काही झालं तरी आपण टाकायचं नाही. बारशात पोर पाळण्याखालून इकडून तिकडं देतात. ह्या बाजूला मी असणार. एकदा माझ्या हातात आला की परत द्यायचाच नाही. सगळ्यांच्या देखत पाजायचं. पोटाला चिमटा बसला की पोर घेईल झक मारत. भूक काय सख्खं-चुलत बघते का?

रविवारी गावाकडून टेम्पो भरून बायका आल्या. सुकन्याच्या घरी मिक्सर. म्हणून बारशाला पाळण्यात ठेवायचा वरवंटा अक्कानंच गावाहून मागवून घेतला होता. त्याला तेल लावलं, कुंची घातली, बाळासारखा नटवला. बायकांत थोडा वाद झाला, जुळ्यांना दोन वरवंटे लागतात की एक. “एकच पुरं,” अक्का म्हणाली आणि वाद मिटला. अकराच्या सुमाराला सुकन्याची आई आली, रंगुबाई, मुकादमाला सांगून एका दिवसापुरती, तळावरून पहाटेच निघून. तिनं दोन बाळुत्यांची जोडी आणि उसाचं एक कांडं आणलं होतं. नातवांना तिनं हात लावला नाही, हात खरबरीत आहेत म्हणाली, आणि भिंतीला टेकून बसली.

थोरल्याचं आधी झालं. त्याचं नाव पार्थ ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, त्याला पाळण्यात वरवंट्याच्या शेजारी निजवलं. मग धाकट्याची पाळी आली. पाळण्याच्या एका बाजूला सुकन्या बसली, पलीकडं अक्का, अंगावर नवं पिवळं पोलकं. छबूबाईंनीच तशा बसवल्या. अक्काच्या हातांतून धाकटा पाळण्याखालून आला, बायका ठेक्यात म्हणाल्या, “कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या,” सुकन्यानं त्याला वरून परत दिला, तो पुन्हा खालून आला, पुन्हा वरून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिनं त्याला छातीशी धरला आणि वर केलाच नाही. अक्काचे हात पलीकडं उघडे राहिले. बायका पुढचं म्हणायच्या थांबल्या. “समर्थ नाव आहे त्याचं,” सुकन्या म्हणाली, “आणि त्याला भूक लागलीय.” तिनं पदर घेतला आणि त्याला अंगाशी लावला.

त्यानं तोंड फिरवलं. तिनं लावलं, त्यानं फिरवलं. मग तो रडायला लागला आणि त्याचं रडणं त्या हातभर अंगणात मावेना. कुणी म्हणालं, पाठीवरून हात फिरव. कुणी म्हणालं, बोट मधात बुडवून दे. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. सुकन्यानं त्याला आणखी जवळ ओढलं. ये ना रे, ती मनात म्हणत होती, ये ना माझ्या राजा, एकदा, एकदाच, मग तुला कळेल; आणि तिची छाती दगडासारखी कोरडी होती. त्याचा आवाज फाटला. ओठ काळेनिळे दिसायला लागले. जास्त रडू देऊ नका, अजून अंगात दम नाही त्याच्या, असं डॉक्टर प्रत्येक वेळी बजावायचा. ती मान वर करायला भीत होती, तरी केली. पलीकडं अक्का तशीच बसली होती, हात पुढं. तिचं पिवळं पोलकं दोन्ही बाजूंनी भिजत खाली चाललं होतं. सगळ्या बायका ते बघत होत्या. कुणी हसलं नाही, कुणी नवल केलं नाही. छबूबाईंनी तेवढी मान दुसरीकडं वळवली.

रंगुबाई भिंतीपासून उठून लेकीजवळ येऊन उकिडवी बसली. “दे तिला,” ती हळूच म्हणाली.

“नाही. तू मला सांगू नकोस. तू टाकलंस, मी नाही टाकणार.”

“म्या टाकलं न्हाई तुला.” आई तिच्याकडं बघत नव्हती, स्वतःच्या हातांकडं बघत होती. “पहिल्या सालाला माघारी आले तव्हा न्यायाला आल्ते. तू काकूमागं लपली, तरी उचलून नेलं. नऊ दिस ठिवलं. नऊ दिस तू माझ्या हातचं घोटभर पानी पिली न्हाईस. काकूच्या दाराकडं बघून रडायचीस, आंग तापलं, डोळं पांढरं व्हाया लागलं. दहाव्या दिशी मीच तुला तिच्या वट्यावर नेऊन ठिवलं.”

सुकन्याच्या मांडीवर धाकटा आता आवाज न काढता रडत होता. तोंड उघडं आणि आत नुसता श्वास. “मग सांगितलं का नाहीस मला? इतकी वर्षं?”

“काय सांगायचं लेकराला? तुलाच मी नगं हुते म्हनून?”

ते पसरलेले हात पुढं कुठं गेले ते सुकन्याला आता कळलं. ते नऊ दिवस तसेच पसरलेले होते, आणि पाठ फिरवली होती ती तिनं. अठ्ठावीस वर्षं वागवलेला राग कुठं ठेवावा हे तिला कळेना, आणि ठेवायला वेळही नव्हता. ती उठली. पाळण्याला वळसा घालून गेली आणि धाकट्याला अक्काच्या हातांत दिला. त्याला सोडताना तिची बोटं त्याच्या झबल्यात अडकली, ती तिनं एकेक करून सोडवली. “आजच्यापुरतं,” ती म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “आजच्यापुरतं हं, अक्का.”

अक्कानं मान हलवली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. रंगुबाई तिथंच बसलेली होती. “व्हय,” ती म्हणाली, जमिनीकडं बघत. “म्या बी त्येच म्हनले हुते काकूला. एवढ्या सालापुरतं.”

आतलं रडणं थांबलं. लगेच थांबलं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं आणि कुणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली, बाकीच्यांनी ओढल्यासारखा सूर धरला. सुकन्या पाळण्याशी येऊन बसली, एका हातानं दोरी ओढायला लागली, दुसरा हात आत घालून थोपटायला लागली. रेंजवर पुन्हा फायरिंग सुरू झाली होती. लोटलेल्या दाराकडं बघता बघता तिला छातीत कळ आली, ओळखीची, आणि अंग भरून आलं, दूध पोलक्यातून, पदरातून खाली ठिबकायला लागलं. पार्थ तर शांत झोपला होता. कुणीच रडत नव्हतं. बऱ्याच वेळानं शेजारच्या बाईनं तिच्या खांद्याला हात लावून पाळण्यात दाखवलं, तेव्हा तिनं खाली पाहिलं. ती पार्थला थोपटत नव्हती. कुंची घातलेल्या वरवंट्याला थोपटत होती. दगड तिच्या हातानं चांगला कोमट झाला होता, आणि तिनं हात काढला नाही.